रुसव्याचं आगाऊ नियोजन

महेश्वर अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या कारखान्यात प्रॉडक्शन मॅनेजर होता. मालकांचा मुलगा पुण्याला शिकून आला तेव्हा येताना त्यानं कारखान्यासाठी 'ताळमेळ' नावाचं एक सॉफ्टवेअर आणलं. प्रत्येक कामाचं एक कार्ड करायचं. काम कोणाचं, कधीपर्यंतचं आणि कशावाचून अडलंय ते त्यावर लिहायचं. मग काम सरकेल तसं कार्डही बोटानं सरकवायचं, 'करायचं'मधून 'चालू'मध्ये आणि 'चालू'मधून 'झालं'मध्ये. मागांवरच्या कामगारांनी त्याला विरोध वगैरे केला नाही. त्यांनी पहिल्याच दिवशी सगळी कार्डं 'झालं'मध्ये ढकलली आणि ते कामाला लागले. मालकांचा मुलगा समाधानानं पुण्याला परत गेला.

सॉफ्टवेअरचा खरा परिणाम झाला तो एकट्या महेश्वरवर. आपलं आजवरचं आयुष्य नुसतंच होत गेलं, ते कोणी आखलेलं नव्हतं, हे त्याच्या एकदम लक्षात आलं. त्यानं घराचा एक बोर्ड उघडला. टाकी धुणं, गॅसचा नंबर लावणं, दाढ दाखवणं अशी कार्डं केली आणि घरातल्या सगळ्यांच्या फोनमध्ये ताळमेळ घालून दिलं. एका सकाळी बायकोच्या, भुवनेश्वरीच्या, फोनवर 'कुकरची रिंग बदलणे' असा निरोप आला तेव्हा ती कुकरसमोरच उभी होती, आणि निरोप पाठवणारा तिच्या पाठीमागे.

"तोंडानं सांगायला काय झालं?" तिनं विचारलं.

"तोंडानं सांगितलेलं ट्रॅक होत नाही."

मग मुलीचं, शिवानीचं, लग्न ठरलं. अशा वेळी बापाच्या डोळ्यांत पाणी येतं असं म्हणतात. महेश्वरनं नवीन बोर्ड उघडला.

तो बोर्ड खरोखर बघण्यासारखा होता. मंगल कार्यालय, आचारी, लग्न लावणारे स्वामी, घोडा, घोड्याचा माणूस, हळदीच्या दिवशी पाणी तापवायचं पातेलं, सगळ्याला वेगवेगळी कार्डं आणि वेगवेगळे रंग. 'पाठवणी : रडणे' हे कार्ड भुवनेश्वरीच्या नावावर होतं आणि त्याला पाव तास दिलेला होता. शिवानीनं ते बघितलं आणि विचारलं, "पप्पा, यात मी कुठंय?"

"तू प्रत्येक कार्डात आहेस की."

"माझ्या नावावर एकपण नाही."

"तुझ्यावर लोड नको म्हणून ठेवलं नाही."

बोर्डाच्या उजव्या बाजूला 'संभाव्य अडचणी' असा एक रकाना होता. वीज जाईल, त्यावर उपाय जनरेटर. आचारी पिऊन येईल, त्यावर उपाय दुसरा आचारी. आणि तिसरं कार्ड, लाल रंगाचं : 'दोड्डप्पा रुसतील.'

दोड्डप्पा म्हणजे महेश्वरच्या वडिलांचे थोरले भाऊ, रुद्रप्पा. दुधनीत त्यांचं तुरीचं अडत दुकान होतं. ते घराण्यातल्या प्रत्येक कार्यात रुसत आले होते. महेश्वरच्या लग्नात त्यांच्या आधी बँडवाल्याला फेटा बांधला गेला म्हणून रुसले. महेश्वरच्या बहिणीच्या लग्नात पत्रिकेवर त्यांचं नाव घडीवर आलं म्हणून रुसले. शिवानीच्या बारशाला त्यांचा चहा बशीशिवाय आला. रुसले की ते आरडाओरडा करायचे नाहीत. गपचूप उठून कुठंतरी लांब जाऊन बसायचे. मग महेश्वरचे वडील, चनबसप्पा, त्यांची समजूत काढायला जायचे. दोन-तीन तासांनी दोघं बरोबर परत यायचे आणि शेवटच्या पंगतीला शेजारी शेजारी जेवायचे.

एरवी दोघा भावांचं बोलणं असं नव्हतंच. भांडण होतं असंही नाही. बोलायला काही कारण पडत नव्हतं. चनबसप्पा पोस्टातून रिटायर होऊन सोलापुरात मुलाकडे राहत होते, थोरले दुधनीत. दिवाळीला फोन व्हायचा. "कसं काय?" "बरं हाय." "तूर?" "हाय की." "ठिवू?" "ठिव." एवढ्यावर वर्ष निघायचं.

महेश्वरनं वडिलांना बोर्ड दाखवला. चनबसप्पांनी चष्मा लावून सगळी कार्डं सावकाश वाचली. लाल कार्डापाशी येऊन थांबले.

"ह्ये अण्णाचं माज्याकडं ठिव," ते म्हणाले. "ते माजं काम हाय."

"ठेवतो की, अप्पा," महेश्वर म्हणाला.

पण मागचा अनुभव बघितला तर या कामाला कार्याच्या ऐन दिवशी तीन तास लागत होते. तीन तास मुलीचे आजोबा मांडवातून गायब. त्यात पंगती खोळंबतात, फोटोवाला खोळंबतो आणि जनरेटरचं डिझेल जळतं. महेश्वरनं कारखान्यात शिकलेलं सूत्र लावलं : अडचण येणारच असेल तर ती येण्याआधी निपटावी. त्यानं कार्डावरचं अप्पांचं नाव खोडून स्वतःचं घातलं, तारीख पंधरा दिवस अलीकडे ओढली आणि रविवारी सकाळी फेटा, धोतरजोडी आणि पेढे घेऊन दुधनीला गेला.

दोड्डप्पा दुकानात गादीवर बसले होते. पाठीमागं तुरीची पोती, त्याच्या पाठीमागं घर.

"बा, बा, कुंद्र," ते कानडीत म्हणाले आणि बसायला हातानं गादी झटकली. "पत्रिका आनलास व्हय?"

"पत्रिका अप्पा आणि आम्ही सगळे येऊन रीतसर देऊच," महेश्वर म्हणाला. "आज मी माफी मागायला आलोय."

"कशाची?"

"जे काही होईल त्याची."

दोड्डप्पांनी हातातली तूर पोत्यात परत टाकली. "काय झालंय?"

"अजून काही नाही. पण लग्नाच्या गडबडीत काही ना काही होणारच. फेटा म्हणा, चहा म्हणा. तेव्हा तुम्ही मनाला लावून घेऊ नये म्हणून आधीच..." त्यानं धोतरजोडी पुढं केली.

"म्हंजी मी रुसनार हाय."

"तसा अंदाज आहे."

"कुनाचा?"

महेश्वर प्रामाणिक माणूस होता. त्यानं फोन काढून दाखवला. दोड्डप्पांनी फोन लांब धरला आणि एकेक अक्षर लावत मोठ्यानं वाचलं. "दोड्डप्पा रुसतील. शक्यता, जास्त. उपाय, आधीच समजूत काढणे." मग त्यांनी 'शक्यता, जास्त' एवढंच परत एकदा वाचलं.

आतून त्यांच्या बायकोचा, चंद्रव्वांचा, आवाज आला. "खरं हाय की मग त्ये!"

"तू गप ग," दोड्डप्पा म्हणाले. त्यांनी फोन परत दिला. खूप वेळ ते रस्त्यावरून जाणाऱ्या बैलगाडीकडे बघत राहिले. "न्हाय रुसनार, जा," शेवटी म्हणाले. "शब्द दिला."

"खूप उपकार झाले, दोड्डप्पा."

"च्या घेऊन जा. बशी द्ये ग त्याला."

परतताना अक्कलकोटला चहाला थांबून महेश्वरनं लाल कार्ड 'झालं'मध्ये सरकवलं. सरकवल्यावर ते हिरवं झालं आणि त्यावरून थोडे रंगीत कागदाचे तुकडे उडाले. सॉफ्टवेअरमध्ये तशी सोय होती.

घरी अप्पा पेपर वाचत बसले होते. महेश्वरनं त्यांना सगळं सांगितलं.

"न्हाय रुसनार म्हनला?" अप्पांनी विचारलं.

"स्वतःच्या तोंडानं. शब्द दिला."

"अण्णानं?"

"हो की."

अप्पांनी पेपरची घडी घातली. मग ती उलगडून दुसऱ्या बाजूनं घातली. "मग मला काय काम ठिवलायस?"

"तुम्ही नुसतं बसायचं, अप्पा." महेश्वरनं त्यांना त्यांच्या नावाचं कार्ड दाखवलं. 'आराम', सकाळी आठपासून पाठवणीपर्यंत. अप्पा बरं म्हणाले आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले.

भुवनेश्वरी भाकरी थापत होती. ती मागं न बघता म्हणाली, "अहो, तुमच्या बहिणीच्या लग्नात मी त्या दोघांना चहा द्यायला गेले होते. कार्यालयाच्या मागं, चिंचेखाली बसले होते. अप्पा हसत होते. डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. या घरात येऊन मला तेव्हा आठ वर्षं झाली होती आणि अप्पांना दात आहेत हे मला त्या दिवशी कळलं."

"मग?"

"मग काय? दोघांनाही सत्तरी उलटलीय. आता आपल्या घरात परत लग्न कधी? तेवढे तीन तास अप्पांचे होते, ते तुम्ही खाल्लेत."

महेश्वरला ते पटलं. पटायला त्याला दोन दिवस लागले, पण पटलं. आणि एखादी गोष्ट पटली की त्याला एकच मार्ग माहीत होता. त्यानं नवीन कार्ड केलं : 'दोड्डप्पांचा लहानसा अपमान.' जबाबदारी, महेश्वर. तारीख, लग्नाची. शक्यता या रकान्यात त्यानं 'जास्त' लिहिलं.

लग्नाच्या दिवशी दोड्डप्पा आणि चंद्रव्वा सकाळी लवकरच कार्यालयात हजर झाले. दोड्डप्पांनी इस्त्रीचं धोतर नेसलं होतं आणि ते प्रत्येकाशी हसून बोलत होते. पाहुण्यांमध्ये कुजबुज सुरू झाली.

"रुद्रप्पांची तब्येत बरी हाय न्हवं?" एकानं महेश्वरला बाजूला घेऊन विचारलं. "शुगर वगैरे?"

महेश्वरनं फेटेवाल्याला सांगून ठेवलं होतं. त्यानं दोड्डप्पांना ओलांडून शेजारच्या फोटोवाल्याला फेटा बांधला. दोड्डप्पांनी ते बघितलं. क्षणभर त्यांच्या जबड्याची शीर हलली. मग ते म्हणाले, "असू दे की. टकुऱ्याला वारं लागतंय."

चहा त्यांना कागदी कपात आणि गार दिला. "उनाचं गारच बरं," म्हणाले. अक्षता वाटणारा त्यांच्यापाशी आला तेव्हा ताट रिकामं होतं. त्यांनी शेजारणीकडून चिमूटभर मागून घेतल्या आणि नवरा-नवरीवर टाकल्या. माणसानं शब्द दिला होता आणि तो आता काही केल्या मोडत नव्हता.

अप्पा स्टेजच्या कडेला खुर्चीवर आराम करत होते. ते अधूनमधून भावाकडे बघत. भाऊ शाबूत आहे असं बघून पुन्हा समोर बघत. शिवानीवर अक्षता पडल्या, बँड वाजला, सगळे एकमेकांच्या गळ्यात पडले, तेव्हाही अप्पांच्या चेहऱ्यावर बस चुकलेल्या माणसाचा भाव होता.

पहिली पंगत बसली. गव्हाची गोड हुग्गी, वांग्याची भाजी, शेंगाचटणी, भात. हुग्गीवर तूप असं वाढलेलं की ती खाली आहे यावर विश्वास ठेवावा लागे. दोड्डप्पा मधल्या रांगेत बसले होते. महेश्वरनं ठरवलं, आता किंवा कधीच नाही. वडिलांच्या थोरल्या भावाला पानावरून उठवायचं म्हणजे आयुष्यभराचा बोल लावून घेणं होतं. भाऊकीत त्याचं नाव यापुढं तोंड वाकडं केल्याशिवाय कोणी घेणार नव्हतं. पण अप्पा तिकडं एकटे बसले होते. तो रांगेत शिरला. दोड्डप्पांच्या डोळ्यांत बघायचं धैर्य होईना, म्हणून पानाकडे बघत जरा मोठ्यानं म्हणाला, "उठा. ही पंगत मानाच्या माणसांची आहे. तुम्ही मागाहून बसा."

पान दोड्डप्पांचं नव्हतं. शेजारचं होतं.

शेजारी नवऱ्या मुलाचे मामा बसले होते. शिवकुमार त्यांचं नाव, इंडीहून आले होते. मुलगा गुरु त्यांनीच वाढवलेला, सोयरीकही त्यांनीच जुळवलेली, आणि त्या कार्यालयात त्या घडीला त्यांच्याइतका मानाचा माणूस दुसरा नव्हता. त्यांनी हातातला घास पानात ठेवला.

"बरोबर हाय तुमचं," मामा शांतपणे म्हणाले.

ते उठले. त्यांच्या मागोमाग मुलाकडची सगळी रांग उठली. मामा हात धुऊन बाहेर गेले, लिंबाखाली उभ्या केलेल्या आपल्या गाडीत बसले आणि त्यांनी काच वर घेतली. मामा जेवल्याशिवाय मुलाकडचं कोणी जेवणार नव्हतं, आणि मुलाकडचं कोणी जेवल्याशिवाय शिवानी कुठंही जाणार नव्हती. स्टेजवरून तिनं बापाकडे बघितलं. तिच्या शेजारी गुरु मामांच्या गाडीकडे बघत होता.

महेश्वरनं सवयीनं फोन काढला. 'संभाव्य अडचणी'मध्ये आचारी होता, वीज होती, घोडासुद्धा होता. मामा नव्हते. त्यानं फोन खिशात टाकला आणि बाहेर धावला.

दारातच कोणीतरी त्याचं मनगट धरलं. दोड्डप्पा होते. उष्ट्या हातानं धरलं होतं.

"कुटं निगालास?"

"मामांच्या पाया पडतो."

"आत्ता? येडा हायस का? काच आत्ताच वर गेलीया की. त्याला बसू दे जरा. मानूस बसतोय न बसतोय तर हजर व्हायचं म्हंजी आपमानावर आपमान."

"पण मुलाकडचे सगळे उपाशी—"

"उपाशी ऱ्हायल्याबिगर कसं कळंल त्यांना, आपला मानूस रुसलाय म्हनून?" दोड्डप्पांनी हात धुतले. सकाळपासूनचं ते गोड हसू गेलं होतं आणि त्यांचा नेहमीचा, अडतीतला चेहरा परत आला होता. त्यांनी मांडवात वळून हाक मारली. "चनबसू! ए चनबसू! ऊठ. काम आलंय."

अप्पा असे उठले की खुर्ची मागं पडली.

दोघा भावांनी तीन प्लास्टिकच्या खुर्च्या उचलल्या आणि बाहेर आले. अप्पा खुर्ची गाडीजवळ मांडायला लागले तसे दोड्डप्पा म्हणाले, "हितं नगं. जवळ बसलं की आपली घाई दिसती. तितं, सावलीच्या कडंला. त्याला आरशात दिसलो पायजे, पर बोललेलं ऐकू जाता कामा नये."

खुर्च्या तिथं मांडल्या. दोघं बसले, तिसरी रिकामी ठेवली. महेश्वर हात जोडून शेजारी उभा राहिला.

"किती वेळ थांबायचं?" अप्पांनी विचारलं.

"त्याचं वय बगून सांगतो. साठीचा आसंल. म्हंजी धा-पंधरा मिंटं तर नुसता राग. मग राग जातोय, आन मग मानूस बगायला लागतोय की कोन येतंय का."

"तुजं असंच व्हायचं व्हय?"

"तर काय."

अप्पांनी खुर्ची भावाकडे वळवली. "महेश्वरच्या लग्नात तू मारुतीच्या देवळात जाऊन बसला हुतास. मी दोनदा येऊन बगून गेलो हुतो."

"तीनदा. तिसऱ्या बारीला मी झोपल्याचं सोंग घेतलं हुतं."

"का?"

"तू आनिक एकदा येशील म्हनून."

अप्पांनी भावाकडे बघितलं. "खरा रुसला हुतास का न्हाय तवा?"

"अर्धा तास व्हय. मग तुजी वाट बगत हुतो." दोड्डप्पांनी धोतराचा काठ सारखा केला. "न्हाय तर तू दुधनीला कवा येतोस? पोस्टात सुट्टी नसायची. आता रिटायर झालास तर म्हनं गुडगा दुकतोय."

"दुकतोय की खरंच."

"मग फोनवर तसं सांगावं. ठिवू म्हनतोस."

"तूच म्हनतोस ठिव!"

महेश्वर खाकरला. "मी काय करू, दोड्डप्पा?"

"तू हितनं जा," दोड्डप्पा म्हणाले. "तुला ह्यातलं काय कळत न्हाय. जाऊन दोन वाट्या हुग्गी आन. तूप बगून आन."

"मामांना?"

"आमाला."

महेश्वर आत गेला. हुग्गी घेऊन परत आला तेव्हा दोड्डप्पा बँडवाल्याच्या फेट्याची गोष्ट सांगत होते. अप्पा मांडीवर थाप मारून हसत होते आणि त्यांचे दात दिसत होते. महेश्वरनं वाट्या त्यांच्या हातात दिल्या. त्याच्याकडे कोणी बघितलं नाही. तो कार्यालयाच्या दाराशी जाऊन उभा राहिला. भुवनेश्वरी त्याच्या शेजारी आली, शिवानीही शालू सावरत आली, आणि तिघं तिथून बघत राहिले.

लिंबाखाली गाडीची काच चार बोटं खाली आली. भावांपैकी कोणाचंच लक्ष गेलं नाही. चहाच्या बशीची गोष्ट चालली होती. थोड्या वेळानं काच पूर्ण खाली आली आणि मामांनी कोपर बाहेर काढलं. मग हॉर्न वाजला, एकदा, हळूच, चुकून हात लागल्यासारखा.

"कोन वाजवतंय रं?" दोड्डप्पांनी न बघता विचारलं.

"आसंल कोन तरी," अप्पा म्हणाले. "तू सांग."

शेवटी मामा खाली उतरले. मानेवरचा घाम पुसत त्यांच्यासमोर येऊन उभे राहिले. भाऊ बोलायचे थांबले.

"काय हो पावनं," मामांनी विचारलं, "कोन येनार हाय का न्हाय?"

दोड्डप्पांनी त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. मग पायानं एक रिकामी खुर्ची पुढं ओढली.

"बसा की," ते म्हणाले. "तुमीच सांगा आता. बँडवाल्याला आदी फेटा बांदतेत व्हय कुटं?"

"बँडवाल्याला?" मामांनी विचारलं, आणि बसले.

महेश्वर तिसरी वाटी आणायला आत गेला.